हमीपत्राची मुदत संपल्यावर

औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते, लशीच्या कुपीवर असते, रक्तपेढीतील पिशवीवरही असते. मुदत टळली की वस्तू निःशंकपणे बाजूला काढायची, ही आपल्या व्यवसायाची शिस्त. मोटारीच्या हमीपत्रावरही अशीच एक तारीख असते आणि बहुतेक सुजाण माणसे तिचाही अर्थ तसाच लावतात. हमी संपली, आता गाडी विकून मोकळे व्हावे! साध्या घरगुती गाडीबाबत हा सल्ला शेजारी देतात. स्पोर्ट्‌स कारबाबत तो पेट्रोल पंपावरची अनोळखी माणसेही देतात.

माझ्याजवळ अशी एक गाडी आहे. २०११ च्या दसऱ्याला घेतलेली, जर्मन बनावटीची, परदेशातून तयार स्थितीत आलेली, दोन आसनांची आणि छत उघडणारी. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. स्मरणिकेत जाहिरातींची पाने वेगळी असतात. मूळ हमी दोन वर्षांची होती, ती पैसे भरून चार वर्षांपर्यंत वाढवली. २०१५ च्या ऑक्टोबरात तीही संपली. त्यानंतरचा सारा प्रवास माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर झाला. आजवर गाडी जेमतेम एकसष्ट हजार किलोमीटर चालली आहे. आमच्या घरात तिच्याविषयी दोन मते आहेत. सौभाग्यवतींचे मत एका वाक्यात सांगण्याजोगे आहे : "अहो, आपली मुलगी शिकून नोकरीला लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, हिचा खर्च तेवढा अजून तुमच्याकडेच!" प्रस्तुत लेख म्हणजे या वाक्याला दिलेले काहीसे लांबलेले उत्तर होय.

बाथटबचा आलेख

यंत्रांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे अभियंते एक आलेख काढतात. आडव्या अक्षावर यंत्राचे वय, उभ्या अक्षावर बिघाडाचे प्रमाण. आकार न्हाणीघरातील बाथटबसारखा दिसतो म्हणून त्याला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात. प्रारंभी बिघाड पुष्कळ, मग ते झपाट्याने घटतात, मधला दीर्घकाळ तळ सपाट आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. या आलेखातील पहिल्या उताराला अभियंत्यांनी दिलेले नाव ऐकून कोणीही बालरोगतज्ज्ञ थबकेल. ते त्याला 'इन्फंट मॉर्टॅलिटी' म्हणतात, म्हणजे शिशुमृत्यू! शब्द आपल्याकडून गेला यात नवल नाही. एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ नगराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून जीवनसारणी मांडली, तीतही कोवळ्या वयातली गळती आणि उतारवयातली गळती अशी दोन्ही टोके दिसतात. यंत्रांची गणिते त्याच वाटेने पुढे गेली.

हमीचे मर्म या आलेखात आहे. सदोष जुळणी, ओतकामातील चीर, निकृष्ट सांधा हे जन्मजात दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांत उघडे पडतात, आणि हमी प्रामुख्याने त्यांच्यासाठी असते. ती संपते तेव्हा गाडी सामान्यतः आलेखाच्या सपाट तळाशी पोहोचलेली असते. म्हणजे हमीपत्रावरची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. आपल्या भाषेत सांगायचे तर नवजात शिशूंच्या कक्षातून मूल सुखरूप घरी गेले, इतकाच तिचा अर्थ.

मात्र तिसरा टप्पा, झिजेचा चढ, कधीतरी येतोच. तो केव्हा सुरू व्हावा हे पुष्कळ अंशी मालकाच्या हाती असते, आणि खरे काम तिथेच आहे.

रबर, प्लॅस्टिक आणि बडोद्याचा वैशाख

स्पोर्ट्‌स कार म्हटली की लोकांच्या मनात इंजिन येते. प्रत्यक्षात कमी चाललेल्या जुन्या गाडीत इंजिनाच्या पोलादाआधी थकते ते रबर आणि प्लॅस्टिक. चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. ते कडक होऊन चिरले की गाडी खड्ड्यावर खडखडते आणि सुकाणूतली अचूकता हरपते. इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याची टाकी, थर्मोस्टॅटचे घर, पाइपांची जोडतोंडे ही बहुधा प्लॅस्टिकची. तापणे आणि निवणे या अखंड चक्राने ते ठिसूळ होते. आपल्या गावी वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. अशा दुपारी फतेगंजच्या सिग्नलला ही टाकी फुटली आणि इंजिन तसेच चालवत राहिले, तर अॅल्युमिनियमचे हेड वाकडे होते आणि दुरुस्तीच्या आकड्यात एक शून्य वाढते. म्हणून आठव्या वर्षी, काहीही बिघडलेले नसताना, मी टाकी, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि पाइप बदलून घेतले. न झालेल्या आजारावर खर्च कशाला, असे एका स्नेह्यांनी विचारले. लसीकरणावर उपजीविका चालणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारावा, याची मला गंमत वाटली.

किलोमीटर कमी म्हणजे झीज कमी, ही समजूत अर्धीच खरी. ब्रेकचे द्रव हवेतील बाष्प शोषते. 'डॉट ४' प्रतीचे कोरे द्रव निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. जोराच्या ब्रेकिंगमध्ये द्रव उकळले तर त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचा पायटा नुसता खाली जातो. त्यामुळे गाडी उभी असली तरी दर दोन वर्षांनी हे द्रव बदलावे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेला जुना टायर दिसायला धडधाकट असतो, पण त्याचे रबर वयाने कडक झालेले असते. मी सहा वर्षांनंतर टायर ठेवत नाही. इंजिन तेल वर्षातून एकदा बदलतो, किलोमीटर कितीही झालेले असोत. कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि तेलात ओलावा व न जळलेले पेट्रोल साठत जाते.

पेट्रोलचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे इथेनॉलमिश्रणाचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरे. परंतु समान आकारमानात त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असते, ते पाणी धरते, आणि त्याचा विचार न करता बनवलेल्या जुन्या रबरी नळ्यांना व सीलना ते मानवत नाही. माझ्या गाडीच्या माहितीपुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच मिश्रणाची मुभा आहे. यावर उपाय म्हणून इंधनाच्या नळ्या वेळीच तपासून बदलणे, टाकीत महिनोन्‌महिने जुने पेट्रोल न ठेवणे आणि गाडी नियमाने चालवणे, एवढे मी करतो. रविवारी पहाटे आणंदपर्यंतचा द्रुतगती मार्ग हे माझ्या गाडीचे फिरायला जाणे आहे, आणि माझेही.

दिवा लागला म्हणजे निदान झाले नाही

सातव्या वर्षी एके सकाळी समोरच्या पटावर एकदम चार दिवे लागले. गिअरपेटी, सुकाणू, ब्रेक आणि स्थैर्यप्रणाली. एका अधिकृत सेवाकेंद्राने संगणक जोडला, दोषसंकेतांची यादी छापली आणि गिअरपेटीचा विद्युत-द्रवचलित भाग समूळ बदलण्याचा अंदाज हाती ठेवला. रक्कम गाडीच्या तेव्हाच्या विमामूल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती. हमीच्या काळात असा कागद आला असता तर मी त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. पैसे दुसऱ्याचे होते. हमी संपल्यावर प्रथमच तो कागद रुग्णाच्या अहवालासारखा वाचला. चार स्वतंत्र संस्था एकाच दिवशी, एकाच क्षणी कोलमडतात, हे शरीरात क्वचितच घडते. असे दिसले की आपण त्या चौघांना पोसणाऱ्या एका मूळ कारणाचा शोध घेतो.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वयस्क मिस्त्रींची कार्यशाळा आहे. त्यांना मी काका म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. काकांनी यादी बाजूला ठेवली, बॅटरीला मीटर लावला आणि इंजिन चालू करताना दाब किती खाली येतो ते पाहिले. बॅटरी चार वर्षांची होती आणि सुरुवातीच्या क्षणी तिचा दाब इतका कोसळत होता की निरनिराळे नियंत्रक गोंधळून आपापली तक्रार नोंदवत होते. बॅटरी बदलली, संकेत पुसले, चारही दिवे विझले. ते त्या कारणाने पुन्हा लागलेले नाहीत. निघताना काकांनी एक वाक्य ऐकवले, "साहेब, गाडी चलावता रहेजो, मूकी ना राखता." गाडी चालवत राहा, ठेवून देऊ नका. आपले अस्थिरोगतज्ज्ञ मित्र गुडघ्यांविषयी हेच सांगतात.

यातून सेवाकेंद्रांना दूषण द्यावे, असा हेतू नाही. दोषसंकेत म्हणजे लक्षण. तो ताप आहे, टायफॉइड नव्हे. यंत्र ताप मोजून देते, निदान माणसाने करायचे असते. असा माणूस सापडणे आणि तो टिकवणे, ही हमीनंतरच्या मालकीतील सर्वांत मोठी ठेव आहे. त्याच्याशी घासाघीस करू नये, त्याचे बिल त्याच दिवशी चुकते करावे आणि प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवावी. माझ्याकडे दीर्घ आजाराची मुले येतात, त्यांच्या आया अशी वही ठेवतात : तारीख, औषध, मात्रा, परिणाम. ती वही उपचाराचे निम्मे काम करते. मुलांची आणि गाडीची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. गाडी बदलता येते, मूल बदलता येत नाही. पण वही ठेवायला मी त्या माउल्यांकडून शिकलो, ही कृतज्ञता नोंदवलीच पाहिजे.

इतरांच्या गाड्यांनी शिकवलेले

हमीनंतर काय घडते, याचे जगातले बहुचर्चित उदाहरण पोर्शे या नामांकित कंपनीचे आहे. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या बॉक्स्टर आणि ९११ या गाड्यांत पाण्याने थंड होणारे नवे सहा सिलिंडरचे इंजिन आले. त्यातील मधल्या दांड्याच्या टोकाला एक छोटे बंदिस्त बेअरिंग होते. ते निकामी झाले तर अख्खे इंजिन मोडू शकते, आणि हे पुष्कळदा हमी संपल्यावर उघड होई. अमेरिकेत यावर सामुदायिक दावा झाला, तो २०१३ मध्ये तडजोडीने मिटला. २००९ सालच्या नव्या इंजिनांत तो मधला दांडाच उरला नाही. परंतु मला भावते ते निराळेच. दरम्यानच्या काळात स्वतंत्र कारागिरांनी अधिक टिकाऊ बेअरिंगे बनवली, क्लच बदलताना ते काम उरकून घेण्याची रीत पाडली, आणि पंचवीस वर्षांच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. हमीपत्राने सोडलेले काम ज्ञानाने उचलले.

दुसरे टोक जपानचे. माझदाची एमएक्स-५ ही छोटी दोन आसनी गाडी १९८९ मध्ये आली आणि २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा गाठला. पुढच्याच वर्षी कंपनीने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांचा जीर्णोद्धार करण्याची आणि बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवण्याची योजना जाहीर केली. निर्माता स्वतः वृद्ध गाडीची काळजी घेतो, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

आपल्याकडची कथा अशी नाही. गोव्यात बनलेली 'सॅन स्टॉर्म' आठवते का? फायबरग्लासचा देह, रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन, दोन आसने. भारतीय बनावटीची छोटीशी हौस. ती फार थोडी विकली गेली आणि उत्पादन थांबले. आज ज्यांच्याजवळ ती आहे त्यांना रंगकाम, काच, दिवे, सारे स्वतःच्या कल्पकतेने उभे करावे लागते. आपल्या शेजारच्या हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला, कंपनीने त्याच वर्षी भारतातील विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये देशांतर्गत विक्रीसाठीचे उत्पादन बंद केल्याचे जाहीर केले. हमीपत्राला मुदत असते, तशी हमी देणाऱ्यालाही असते!

या बाबतीत कायद्याने काही पावले टाकली आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांना खुली न ठेवल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तीत मोटारींचाही समावेश होता. वस्तू विकत घेणाऱ्यास ती दुरुस्त करून वापरण्याचा हक्क आहे, हे तत्त्व आता तरी उघडपणे बोलले जाते.

पूर, विमा आणि हमीची मर्यादा

२०२४ चा ऑगस्ट आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. जन्माष्टमीच्या सुमारास पाऊस थांबेना, आजवा जलाशयातून पाणी सोडावे लागले आणि पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून विश्वामित्री सदतीस फुटांवर गेली. सावध करणारे संदेश येऊ लागताच मी दोन्ही गाड्या रुग्णालयाच्या उंच उतरणीवर नेऊन ठेवल्या. माझ्या एका स्नेह्यांची नवी कोरी गाडी तळघरात होती, हमीचा पहिलाच पावसाळा. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेली ती गाडी पाहून त्यांना बोलवेना. हमी निर्मितीतील दोषांची असते, पुराची नसते. पुढे विमा कंपनीने ती पूर्ण नुकसानीत धरली. जवळजवळ तेरा वर्षांची, हमीवाचूनची माझी गाडी मात्र त्या आठवड्यात औषधे पोहोचवण्याच्या उपयोगी पडली नाही हे खरे, कारण तिची पातळी जमिनीपासून वीतभरच आहे. पण ती वाचली.

त्या दिवसांत मित्रांना जे सांगितले ते येथे नोंदवतो. पाण्यात बुडालेली गाडी कधीही चालू करून पाहू नये. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही. दट्ट्या त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवावी, गाडी ओढून न्यावी. सर्वसमावेशक विमा पुराचे नुकसान भरून देतो, पण गाडी चालू केल्याने झालेले इंजिनाचे नुकसान बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. तसेच पाच वर्षांपर्यंत विमामूल्यातील घट कोष्टकानुसार, पाचव्या वर्षी निम्म्यापर्यंत, ठरते. पुढे ते मूल्य विमा कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवायचे असते. रबर व प्लॅस्टिकच्या भागांना दाव्यात पन्नास टक्के घसारा, आणि दहा वर्षांनंतर धातूच्या भागांनाही तेवढाच. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने दरवर्षी नूतनीकरणाआधी गाडीची छायाचित्रे आणि दुरुस्तीची बिले पुढे ठेवून मूल्य ठरवून घ्यावे, सही मागाहून करावी. जे विम्यात बसत नाही त्यासाठी मी दरमहा एक ठराविक रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो. हमी वाढवण्याचे पैसे दुसऱ्याला देण्याऐवजी स्वतःला देतो, इतकेच.

पंधरावे वर्ष

पुढच्या दसऱ्याला गाडी पंधरा वर्षांची होईल. नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर तपासणी आणि नवे शुल्क. १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीसाठी हे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. आयात गाडीसाठी चाळीस हजार. नूतनीकरण पाच वर्षांचे. निर्णयाची वेळ आली आहे.

हिशेब मांडला तर विकणे शहाणपणाचे ठरेल, हे मी मान्य करतो. परंतु जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचा भव्य मेळावा भरला होता, तेथे हिंडताना एक विचार मनात रुजला. त्यातील कित्येक गाड्यांचे निर्माते नामशेष झाले, खरेदी करणारे संस्थानिक गेले, संस्थानेही विलीन झाली. गाड्या उरल्या त्या कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या वही ठेवल्यामुळे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापून हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकवण्याची व्यवस्था या नगरीत केली. मकरपुऱ्यातील माझे काका शिक्षणाने नव्हे, तरी वृत्तीने त्याच परंपरेतले. काकांच्या हाताखाली आता त्यांचा नातू शिकतो आहे. दोषसंकेतांची यादी बाजूला ठेवून तोही प्रथम बॅटरीला मीटर लावतो, हे मी गेल्या पावसाळ्यात पाहिले. माझ्यासारखी चार-सहा जुनी गिऱ्हाइके गेली, तर त्या मुलाने ही विद्या कुणाच्या गाडीवर शिकावी?

तेव्हा चाळीस हजार बाजूला काढले आहेत. सौभाग्यवतींना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण आता मलाही चालवायला शिकवा. मी मागे राहिले तर ती बंद पडता कामा नये." हमीपत्रावर इतकी भक्कम सही मी आजवर पाहिलेली नाही.

आपल्या मंडळातील ज्या तरुण सहकाऱ्यांच्या मनात अशी एखादी हौस असेल त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : गाडी घेताना हमी किती वर्षांची आहे हे अवश्य विचारा, पण त्याआधी, ती संपल्यावर आपण कोणाकडे जाणार आहोत, हे विचारून ठेवा. मकरपुऱ्याचा रस्ता मी आनंदाने दाखवीन.